तेल पचवणारी माती

आखाड्याच्या हौद्यात तेल सापडलं त्या सकाळी मी सगळ्यांत शेवटी पोचलो, आणि ते तेल माझ्याच अंगाशी आलं.

भिलाईच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून दोन-अडीच वर्षं झाली होती. पुढचं बांधकाम जोरात चाललं होतं. मी डंपर आणि ट्रक दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये फिटर होतो. रुआबांधा वस्तीच्या अंगाला एका मोकळ्या मैदानात दहा-बारा मराठी पोरांनी पत्र्याची शेड टाकून कुस्तीचा हौदा खोदला होता. आमचे वस्ताद भंडाऱ्याकडचे. एके काळी त्यांनी मोठी मैदानं मारली होती, आता स्टोअरच्या फाटकावर चौकीदारी करत. हौद्यातली लाल माती त्यांनी गावाकडून पोत्यांनी मागवली होती. दर अमावास्येला ते तीत तिळाचं तेल, ताक आणि हळद घालून स्वतःच्या पायांनी तुडवत. ती माती अंगाला लागली की थंड वाटायची आणि तिला एक आंबूस, चांगला वास यायचा.

माझा जोडीदार रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात आईबरोबर राहायचा, सायकलीनं यायचा. आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतलेली. मी पहिल्यांदा आखाड्यात आलो तेव्हा दोघं-तिघं माझ्याशी कुस्ती धरायला पुढं येईनात. कोणी उघड काही बोललं नाही, पण लंगोट कसून मी अर्धा तास नुसता कडेला उभा होतो. हाच खाली हौद्यातून ओरडला, "नुसता पाहून काय राहिला बे? उतर खाली." मी उतरलो आणि त्यानं मला असा आपटला की दोन दिवस मान वळली नाही. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकांचेच जोडीदार होतो.

दुर्गला जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीसाठी वस्तादांनी एकच गडी पाठवायचं ठरवलं आणि त्यासाठी मला निवडलं. जोडीदार माझ्यापेक्षा सरस होता. हे त्याला माहीत होतं, मलाही होतं. तो वस्तादांना म्हणाला, "मी कुठी कमी पडलो, ते तं सांगा." वस्ताद म्हणाले, "तुले सुट्टी भेटत नाही. ऐनवेळी ड्यूटी निघाली तं नाक कोणाचं कापलं जाईन?" तो लंगोट पिळत पिळत म्हणाला, "मंग राहू द्या तुमची माती तुमच्यापाशी." आणि निघून गेला. आठ दिवस आला नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी गॅरेजमधून घरी जात असताना तो मैदानाकडं जाताना दिसला. सायकलीच्या हँडलला पत्र्याचा एक डबा लटकत होता. मी हात केला. त्यानं पाहिलं की नाही कोण जाणे, पण थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखाड्यात गेलो तर सगळे हौद्याच्या कडेला गोळा होऊन उभे होते. उत्तरेकडचा कोपरा काळा पडला होता. माती तेलकट, चिकट झाली होती, आणि वास गॅरेजचा. वस्तादांनी मूठभर माती उचलून हुंगली आणि माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. जळकं तेल दिवसभर ज्याच्या हाताला असतं असा तिथं मी एकटाच होतो.

"हे तुह्या गॅरेजातलं तेल होय ना?" वस्ताद म्हणाले.

"वास तसाच आहे," मी म्हणालो. "पण मी कावून टाकू, वस्ताद? दंगलीत तं मीच उतरून राहिलो."

"कोणाच्या मनात काय रायते, कोणाले मालूम," मागून कोणीतरी बोललं. जे सुरुवातीला माझ्याशी कुस्ती धरत नव्हते, त्यांच्यातलाच तो एक होता.

तेव्हा मी जे बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी म्हणालो, "काल संध्याकाळी मी माह्या जोडीदाराले इकडं येताना पाह्यलं. सायकलीले डबा होता."

बस, एवढंच. डब्यात काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. त्याला ओतताना पाहिलं नव्हतं. पण ते मी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून हटल्या. त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं, की त्याची आज लाज वाटते.

दोन दिवसांनी तो आला. वस्तादांनी त्याला शेडच्या बाहेरच थांबवलं. "ज्या मातीत घडला, थेच आपल्या हातानं नासवली?" त्यानं सगळ्यांकडं पाहिलं, शेवटी माझ्याकडं. मी खाली बघत होतो. त्याला सगळं समजलं असावं. शेडच्या बाहेरच्या खुंटीवरचा त्याचा जुना लंगोट त्यानं काढून घेतला आणि सायकलीवर बसून गेला. नाही म्हणाला नाही, होय म्हणाला नाही. आणि मला वाटलं, बघा, बोलला नाही म्हणजे केलंच असणार.

त्याच सुमारास पाणी तपासणाऱ्या लॅबमधले एक बाबू आखाड्याकडं येऊ लागले. नागपूरला सायन्स कॉलेजात शिकलेले, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा. पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायचे. कुस्तीत त्यांना काहीच कळत नव्हतं. सगळ्यांनी वापरणं बंद केलेल्या त्या काळ्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसून ते माती चिमटीनं चोळायचे. हा माणूस वरून पाठवलेला आहे, याबद्दल मला शंका नव्हती. गॅरेजमधून तेल चोरीला जातं अशी कुजबुज होतीच. ते शोधायला याला पाठवलं असणार आणि फिरून सगळं माझ्यावर येणार.

तेल सापडल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी वस्तादांना विचारलं, "यातली थोडी माती मी नेऊ का?"

"कशाले?" मीच मध्ये बोललो.

"पाहायचं आहे. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांतले काही तेलावर जगतात. तेल पडलं की आधी बरेच मरतात, आणि ज्यांना तेल पचतं ते हळूहळू वाढतात. ते इथं किती वाढलेत ते मला बघायचंय."

पोरं हसली. मी म्हणालो, "माती तेल खाते तं आमच्या गॅरेजची जमीन आतापावतर लाल व्हाले पायजे होती. थे तं काळीची काळी आहे."

ते रागावले नाहीत. उलट खूश झाल्यासारखे दिसले. "तिथं तुम्ही रोज नवीन तेल सांडता. खाणारे किती खातील? आणि ट्रकांच्या चाकांखाली जमीन इतकी दबलेली असते, की त्यांना हवा मिळत नाही. हवेशिवाय हे जीव तेल फारसं खाऊ शकत नाहीत."

उत्तर तयार होतं, म्हणून माझा संशय आणखी वाढला. मी अट घातली. काय करायचं ते करा, पण बरण्या माझ्या घरी राहतील. मला वाटलं, हा माणूस नाही म्हणेल. ते म्हणाले, "बरंच झालं. माझ्या लॅबमध्ये कोणीतरी फेकून दिल्या असत्या."

हौद्यातल्या मातीत आधीच तिळाचं तेल आणि ताक असल्यामुळं ती चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी काळ्या कोपऱ्याच्या खाली, हौद्याच्या तळापेक्षा हातभर खोल खणून माती काढली. तिथल्या मातीलाही तेलाचा वास होता. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाची, जिथं तेल कधी पडलं नव्हतं अशीही माती घेतली.

लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या आणल्या. पहिलीत मैदानाची स्वच्छ माती, तीत त्याच दिवशी थोडं डिझेल कालवलं. दुसरीत हौद्याखालची तेलकट माती. तिसरीतही तीच, पण तव्यावर चांगली भाजून, म्हणजे तिच्यातलं जिवंत असलेलं सगळं मरावं. आमचं नवीन लग्न झालेलं होतं. बायको म्हणाली, "पोळ्याच्या तव्यावर माती भाजता काय तुमी? थो फुटका तवा घ्या." बरण्यांतली माती ओलसर ठेवली. प्रत्येक बरणीत मातीवर एक वाटी ठेवून तीत चुन्याची निवळी ओतली. पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात भिजवला की वर जे स्वच्छ पाणी राहतं, तीच ही निवळी. बाबूंनी समजावलं, "माणूस श्वास सोडतो तसे हे जीवही सोडतात. तो वायू या पाण्यात गेला की पाणी दुधाळ होतं. जिथं खाणं जास्त चाललंय तिथं जास्त दुधाळ. रोज सकाळी पाणी बदला आणि पाहून ठेवा."

झाकणं लावल्यावर मी त्यांच्या कडेनं कणकेचा लगदा लावला आणि त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटवला. मी कामावर असताना बाबू येऊन काही घालतील, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. बायकोला बजावलं, "थे आले तं दारातूनच परत पाठवजो." ती म्हणाली, "मातीले कुलूप लावून राहिले तुमी." मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही.

दुसऱ्याच सकाळी हौद्याखालच्या मातीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं, वर जाड साय. भाजलेल्या मातीचं पाणी जवळजवळ स्वच्छ. नवीन डिझेल घातलेल्या मातीचं किंचित गढूळ. मी पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. ठसे जसेच्या तसे होते, कोणी हात लावला नव्हता. हौद्याखालची माती ढेकर देत असल्यासारखी रोज निवळी पांढरी करत होती आणि नवीन तेल पडलेली माती अजून चाचपडत होती.

पाचव्या दिवशी बायको बरण्यांकडं पाहत म्हणाली, "हे पयली माती इतके दिवस झाले तरी शिकली नाही. मंग हौद्याखालची चार दिवसांत कशी काय शिकली?"

मी निवळीची वाटी पुसत राहिलो.

"तुमी त्याले वतताना पाह्यलं होतं काय?"

"डबा पाह्यला होता," मी म्हणालो.

"मी डब्याचं इचारलं नाही."

मी चप्पल घालून बाहेर पडलो. मला समजलं होतं. तरी पुढचा आठवडाभर मी कोणाला काही सांगितलं नाही. रोज निवळी बदलत राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, उद्या पहिली बरणीही एकदम पांढरी होईल आणि आपण खरे ठरू. झाली, पण बाराव्या-तेराव्या दिवशी. मी बाबूंना बोलावलं. दारावर आले तेव्हा बायकोनं त्यांना परत पाठवलं नाही, चहा केला.

बाबूंनी तिन्ही वाट्या उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाले, "पहिल्या बरणीत तेल पचवणारे मूठभरच होते. त्यांना वाढायला इतके दिवस लागले. हौद्याखाली ते आधीच भरपूर आहेत. म्हणजे तिथलं तेल चार दिवसांचं नव्हतं, फार जुनं आहे. बाकी कोणी काय केलं, काय नाही, ते मला सांगता येणार नाही. माती तेवढं सांगत नाही."

त्याच संध्याकाळी मी वस्तादांपुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं, डब्याचंही. त्यांचा विश्वास बसेना. "लोनच्याच्या बरनीनं कोणाचा न्याय होते काय?" ते म्हणाले. मी म्हणालो, "मंग खंदून पाहू. काही नाही निघालं तं मले काढून टाका."

रविवारी उत्तरेच्या कोपऱ्यात खणायला घेतलं. कंबरभर खोल गेल्यावर फावडं लाकडाला लागलं. कुजलेल्या फळ्या, त्यांच्याखाली खडी, आणि खडीत काळंभोर तेल. खालची माती निळसर काळी, सडक्या अंड्यासारखा वास मारणारी. बाबू म्हणाले, तिथं हवाच पोचली नव्हती, म्हणून तेल तसंच राहिलं; वर आणि कडेनं जिथं हवा होती तिथल्या जिवांनी खायला सुरुवात केली होती. जुना एक क्लीनर शेजारच्या कॅम्पात होता, त्याला बोलावलं. तो पाहताक्षणी म्हणाला, "अरे, यहीं तो ठेकेदार का गॅरेज था." वसाहत आखली जाण्याआधी तिथं मातीकामाचे ट्रक उभे राहत आणि इंजिनांतलं काढलेलं तेल त्या खड्ड्यात ओतलं जाई. मग फळ्या टाकून वर मुरूम पसरला आणि सगळे निघून गेले. आणि ते नेमकं आताच वर का आलं, तेही दिसत होतं. महिन्याभरापूर्वी आम्हीच भांडून अंघोळीसाठी शेडच्या उत्तरेला नळ घेतला होता. त्याचं पाणी दिवसभर तिथंच मुरत होतं. पाण्यानं तेल वर उचललं होतं.

वस्ताद हौद्याच्या कडेवर बसून राहिले. मग मला म्हणाले, "हे सारं आता तूच साफ करशीन."

मी केलं. जाडं काळं तेल आणि खडी आम्ही ड्रमांत भरून नेली. बाकीची तेलकट माती मी मैदानाच्या एका बाजूला वीतभर जाडीनं पसरली. वस्तादांना तीत हळद आणि कडुनिंबाचा पाला घालायचा होता. बाबू नको म्हणाले, त्यानं कामाचे जीवही दबतील. ते म्हणाले, शेण घाला, ओल ठेवा, आठवड्यातून एकदा उलथा. "नुसत्या तेलावर त्यांचं भागत नाही. आपण नुसत्या भातावर राहतो का?" वस्तादांना ते आवडलं नाही. आखाड्याच्या मातीत शेण, आणि हळदीला बंदी! ते दोन महिने बाबूंशी बोलले नाहीत. पण हळूहळू ती माती सुटी होत गेली. पाणी टाकलं की आधी पाऱ्यासारखं घरंगळायचं, ते पुढं मुरू लागलं. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर विरळ दूर्वा उगवल्या, आधी पिवळट, मग हिरव्या. तरी बाबूंनी ती हौद्यात घालू दिली नाही. डांबरासारखं जड असतं ते या जिवांनाही लवकर पचत नाही, म्हणाले. नवा हौदा दुसरीकडं झाला, माती पुन्हा भंडाऱ्याकडून आली.

दंगलीला मी गेलो नाही. खड्डा खणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी दुर्गला गेलो. जोडीदार क्वार्टरसमोर सायकलीची चेन घालत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फळ्या, खडी, नळ. त्यानं मान वर केली नाही.

"तेल जुनं होतं," मी पुन्हा म्हणालो. "तू काही केलं नव्हतं."

"थे मले मालूम होतं ना बे," तो म्हणाला. "मले सांगाले इतक्या दूर आला काय?"

"डब्यात काय होतं?"

तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तवा इचारलं असतं तं सांगतलं असतं. आता नाही सांगत." तो हात पुसत उठला. "अजूनही तुले शंका आहेच."

ती होती. एवढं सगळं पाहिल्यावरही, त्याच्या दारात उभं राहून, मनाचा एक कोपरा विचारत होता की हा त्या संध्याकाळी तिकडं गेला तरी कशाला होता. ते त्याला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

मी परत वळणार, एवढ्यात त्याची आई बाहेर आली. मला पाहून तिनं पदरानं हात पुसले. "काहून रे, किती दिवसाचा आला! तुमचं भांडन-बिंडन झालं काय? हा तं काही सांगतच नाही."

जोडीदार चेनचे काळे हात पाठीमागं धरून म्हणाला, "नाही वो माय. त्याची शिफ्ट बदलली होती."

"मंग आता बसजो रे बाबा, चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली. मी ओट्यावर बसलो. तोही बसला, मधे हातभर जागा सोडून. चहा येईपर्यंत आम्ही दोघंही समोरच्या रुळांवरून मागंपुढं करणारी मालगाडी पाहत होतो.